लाईट गेली की पाणी कुठं जातं? घरात समुद्री टँक लावण्याआधी कोल्हापूरकरांनी हे वाचाच

रील तुम्हीही बघितली असेल. निळ्या उजेडातला काचेचा टँक, वाऱ्यावर गवत डोलावं तसं डोलणारं कोरल आणि त्यातून ये-जा करणारा नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा 'निमो'. खाली कमेंटमध्ये हमखास एकच प्रश्न असतो, "भावा, किती खर्च आला?"

प्रश्न बरोबर आहे, फक्त तो पहिला नाही. पहिला प्रश्न असा, की रात्री दोन वाजता लाईट गेली तर या टँकमधलं पाणी कुठं जाणार? याचं उत्तर ज्याला आकड्यात देता येतं, त्याचा टँक टिकतो. ज्याला देता येत नाही, त्याच्या दाराची बेल सकाळी खालच्या मजल्यावरचे काका वाजवतात, कारण त्यांच्या छतातून खारं पाणी गळत असतं.

गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ही भानगड सहसा नसते. एक फिल्टर आत सोडला, प्लग लावला, झालं. समुद्री टँकचं तसं नाही. तिथं खाली कपाटात दुसरा टँक असतो आणि दोघांमध्ये चोवीस तास पाणी फिरत असतं. म्हणजे आपण मासे पाळतोय असं वाटतं, पण खरं तर आपण घरात एक छोटी पाणीपुरवठा योजना चालवत असतो. कोल्हापूरकरांना पाणीपुरवठा योजनेचं वेगळं सांगायला नको.

आधी कायदा, मग काच

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. कारण रीलमध्ये दिसणारा टँक बहुतेक वेळा परदेशातला असतो. तिथे जे चालतं ते इथे तुरुंगात नेऊ शकतं.

कोरल म्हणजे प्रवाळ. दिसायला झाड किंवा दगड, पण तो प्राणी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे आणि २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ घालण्यात आलं. रीफ बांधणारं सगळं कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि पंख्यासारखे दिसणारे सी-फॅन, हे सगळं त्यात येतं. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे तीच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूच्यांची मांडणी बदलली, पण प्रवाळ तिथेच राहिलं. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

फक्त जिवंत प्रवाळाचा प्रश्न नाही. वाळलेला पांढरा तुकडा, शोपीस म्हणून टँकमध्ये ठेवायचा प्रवाळाचा सांगाडा, हेही त्यात आलं. मालवणला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावर सापडलेला तुकडा खिशात टाकून आणणंसुद्धा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ साधारण २९ चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं मोठं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. म्हणजे प्रवाळ आपल्या राज्यात आहे. ते बघायचं तिथं जाऊन.

समुद्री घोडा, समुद्री काकडी आणि टँकवाल्यांमध्ये प्रसिद्ध असलेले काही महाकाय शिंपलेसुद्धा याच पहिल्या अनुसूचीत आहेत. सोशल मीडियावर 'इम्पोर्टेड फ्रॅग' म्हणून कोरलचे तुकडे सर्रास विकायला असतात. विकणारा म्हणतो, "बिल देतो की." दुकानदाराच्या बिलानं बंदी उठत नाही. मऊ प्रवाळाच्या काही जातींची नावं यादीत नाहीत. पण दिसण्यावरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, त्यामुळे घ्यायचीच असेल तर जातीचं शास्त्रीय नाव आणि ती आली कुठून याचा कागद मागा आणि वन विभागाला लेखी विचारून मगच हात घाला. "सगळेच ठेवतात" हे उत्तर पंचनामा करणाऱ्यापुढं चालत नाही.

मग उरतं काय? मासे, खडक, आणि अनुसूचीत नसलेली कोळंबी, खेकडे, गोगलगाय. याला 'फिश ओन्ली' टँक म्हणतात. माझ्या मते कोल्हापुरात सुरुवात करणाऱ्यानं हाच टँक लावावा, आणि कायद्याचा धाक नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कोरल तापमानातला एक-दोन अंशांचा फरकसुद्धा फार दिवस सहन करत नाही. अमेरिकेच्या नोआ संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं, ते समुद्राचं पाणी थोडं जास्त तापल्यामुळेच. तुमच्या हॉलमधल्या टँकला तर कोल्हापूरचा एप्रिल झेलायचा असतो.

निमो, म्हणजे क्लाउनफिश, मात्र ठेवता येतो, आणि तो हॅचरीत वाढवलेला मिळतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रातही ही पैदास होते. हॅचरीतला मासा तयार खाद्य पटकन खातो. रीफवरून जाळ्यानं धरून आणलेला बऱ्याचदा खातच नाही.

मिठाची गोष्ट

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मग मार्केट यार्डातून खडे मीठ आणलं आणि मिसळलं तर? नाही चालत. समुद्राच्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधी तळाशी बसतात, मग मीठ जमतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात निघून जातं. म्हणजे मिठागर नेमकं तेच काढून टाकतं जे आपल्याला हवं असतं. त्यासाठी 'मरीन सॉल्ट मिक्स' म्हणून वेगळं पाकीट मिळतं, तेच घ्यायचं.

रत्नागिरी घाटाखाली आहे, आंबा घाट उतरला की समुद्र, मग कॅनमधून पाणीच आणू, असाही विचार येतो. उन्हाळ्यात, बंदरापासून आणि नदीच्या मुखापासून लांबचं स्वच्छ पाणी असेल तर तांत्रिकदृष्ट्या चालेल. पण पावसाळ्यात कोकणातल्या नद्या किनाऱ्यावरचं पाणी पातळ आणि गढूळ करतात. आणि हे काम एकदाचं नाही, दर पंधरा दिवसांचं आहे. दोन फेऱ्यांत हौस फिटते.

नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. त्यात क्लोरीन असतं, शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेट असलं की काचेवर तपकिरी शेवाळ धरतं. घरचा आरओ? पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टीडीएस मीटर लावून बघा, आकडा शून्य येत नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडली की शून्याजवळ जातं. आरओतून वाया जाणारं पाणी फरशीला आणि गाडी धुवायला वापरा.

एक गोष्ट नवखे लोक हटकून चुकतात. पाणी आटतं, मीठ आटत नाही. त्यामुळे कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. टँकमध्ये २५० लिटर पाणी ३५ ग्रॅमचं आहे आणि त्यातलं १० लिटर आटलं, तर उरलेलं पाणी साडेछत्तीस ग्रॅमच्या आसपास जातं. एप्रिलमध्ये चार फुटी टँकमधून रोज दोन ते पाच लिटर पाणी सहज उडतं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेचा तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर मनाला येईल तसा आकडा दाखवतो.

आता मुद्द्याचं: पाइप

१८४६ साली अॅना थिन नावाच्या इंग्लिश बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला घरी आणलं. पंप नव्हता, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची. आज आपण जे पाइप, पंप आणि खालचा टँक जोडतो ते सगळं त्या बाईचं काम करतात. पाणी वरून पडतं, ढवळतं, गाळलं जातं, परत वर जातं.

उदाहरणासाठी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टँक घेऊ, म्हणजे चार फूट बाय दीड बाय दीड. पाण्याची पातळी ४२ सेंटिमीटरवर. खाली कपाटात संप (कामगारांचा नव्हे, पाण्याचा): ७५ लांब, ३५ रुंद, ३५ उंच, आणि त्यात चालू असताना २० सेंटिमीटर पाणी. दोन्ही मिळून २६०-२७० लिटर. मीठ लागेल नऊ-साडेनऊ किलो.

वरच्या टँकच्या एका कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो, वरच्या कडेला दाते पाडलेले. पाणी दात्यांवरून कप्प्यात पडतं आणि तळाच्या होलमधून पाइपनं खाली संपमध्ये येतं. याला ओव्हरफ्लो म्हणतात. संपमधला पंप तेच पाणी दुसऱ्या पाइपनं वर फेकतो. तो रिटर्न. खाली येताना गुरुत्वाकर्षण, वर जाताना वीज. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं समजतं.

लाईट गेली. पंप थांबला. वरच्या टँकमधलं पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत खाली येत राहणार. समजा पातळी एकूण ३ सेंटिमीटर उतरली. १२० गुणिले ४५ गुणिले ३, म्हणजे १६ लिटर. कप्प्यातलं आणि पाइपातलं पाच लिटर धरा. एकूण २१ लिटर. संपची पातळी ८ सेंटिमीटर वाढेल, २० ची २८ होईल. संप ३५ उंच आहे. जमिनीवर एक थेंब नाही.

आता चूक बघा. रिटर्न पाइपचं तोंड टँकमध्ये खोल सोडलं, समजा पाण्याखाली १५ सेंटिमीटर. दिसायला छान, आवाजही येत नाही. पण पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन बनतो. मोटारसायकलमधून नळीनं पेट्रोल काढतात तसं. पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली खेचलं जाणार. १२० गुणिले ४५ गुणिले १५, म्हणजे ८१ लिटर, अधिक पाइपातलं पाच. संपमध्ये रिकामी जागा ३९ लिटरची. उरलेलं ४५ लिटरहून जास्त पाणी फरशीवर, आणि त्यात दीड किलो मीठ. टाइल्सच्या सांध्यातून ते कुठं कुठं गेलं हे तुम्हाला महिन्यानंतर भिंतीला पोपडे धरल्यावर कळतं.

उपाय फुकटात आहे. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली फक्त दोन-तीन सेंटिमीटर ठेवा. पाइप खोलच न्यायचा असेल तर पातळीच्या जरा खाली त्याला चार-पाच मिलिमीटरचं होल मारा. पाणी तिथवर उतरलं की होलमधून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे होल शेवाळानं बुजतं, म्हणून महिन्यातून एकदा टूथपिक घालायची.

प्लंबर म्हणेल, "एनआरव्ही टाकतो की, उलटं पाणी येणारच नाही." टाका, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. मिठाचे खडे, शेवाळ किंवा एखादी चुकार गोगलगाय त्याच्या झडपेत अडकते आणि ती पूर्ण मिटत नाही. बोअरवेलच्या गोड्या पाण्यातला अनुभव इथे लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न याच्या उलटा आहे. लाईट आहे, पंप चालू आहे आणि खाली येणारा पाइप तुंबला तर? मग पंप संपमधलं पाणी वर फेकत राहणार आणि वरचा टँक काठावरून वाहणार. काठापर्यंत जागा किती? ४५ वजा ४२, तीन सेंटिमीटर, म्हणजे १६ लिटर. म्हणून संपमध्ये काचेच्या पट्ट्या लावून पंपाचा कप्पा वेगळा करतात, आणि तो मुद्दाम लहान ठेवतात. २० बाय ३५ चा कप्पा, २० सेंटिमीटर पाणी, १४ लिटर. पंपानं ते सगळं वर फेकलं तरी टँक काठोकाठ भरेल, सांडणार नाही. पंप कोरडा पडेल, जळेलही कदाचित. पंप नवा मिळतो.

शिवाय खाली येणारे पाइप दोन ठेवा. एक रोजचा, त्यावर व्हॉल्व्ह लावून पाणी इतकं दाबायचं की पाइप पूर्ण भरून वाहील. हवा आत गेली नाही की गुडगुड आवाज बंद होतो. दुसरा त्यापेक्षा थोडा उंच, एरवी कोरडा, त्यावर व्हॉल्व्ह अजिबात नाही. पहिला तुंबला की दुसरा आपोआप काम घेतो, आणि त्यातून पाणी पडल्याचा खळखळाट हीच तुमची घंटा. या जोडणीला हर्बी म्हणतात. तीन पाइपांचीही एक पद्धत आहे, पण चार फुटी टँकला दोन पुरतात.

सामान सगळं आपल्या नेहमीच्या प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. यूपीव्हीसी पाइप, खाली येणारा सव्वा इंची, रिटर्न पाऊण किंवा एक इंची. काचेच्या होलला टँक निपल, त्याचं रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला. पंपाजवळ युनियन हवीच, नाहीतर पंप साफ करायला दर वेळी पाइप कापावा लागेल. काटकोनी एल्बो कमीत कमी, कारण प्रत्येक एल्बो पंपाचा जोर खातो. पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. ताशी २५०० लिटर लिहिलेला पंप सव्वा मीटर वर चढवून, एल्बो पार करून त्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी देतो, आणि आपल्याला ताशी हजार-बाराशे लिटर पुरतं.

पितळ, तांबं, जीआय काहीही पाण्याला लागू द्यायचं नाही. तांबं कोळंबी-खेकड्यांना अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. बॉल व्हॉल्व्ह प्लास्टिकचा, बॉल कॉक प्लास्टिकचा, क्लॅम्पसुद्धा प्लास्टिकचा. एसएसही खाऱ्या पाण्यात गंजतं. सोल्यूशन लावल्यावर एक दिवस सुकू द्या, मग एकदा पाणी भरून ओतून टाका.

काचेला होल मारण्याआधी काच टफन आहे का विचारा. टफन काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो. साधी काच असेल तरच होल मारता येतं, तेही डायमंड बिटनं, पाणी सोडत. टँक जिथे बनवता तिथूनच होल मारून घेतलेलं बरं.

आता चाचणी. टँक जागेवर बसला, पाइप जोडले, की आधी नळाच्या गोड्या पाण्यानं भरा. मीठ नाही, मासे नाहीत. पंप चालू करा, संपची पातळी मार्करनं आखून ठेवा, आणि मेन स्विच बंद करा. पाणी कुठवर चढलं ते बघा. चालू करा, पुन्हा बंद करा. दहा वेळा. मग रोजच्या पाइपात बोळा कोंबून दुसरा पाइप काम घेतो का ते बघा. दोन्ही पाइप एकदम दाबून टँक सांडतो का तेही बघा. हे सगळं रविवारी दुपारी, हातात फडकं असताना झालेलं बरं. दोन दिवस असंच चालवा. एक थेंब गळत नाही याची खात्री झाली की पाणी काढून मीठ कालवायला घ्या.

आटलेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा लावणार असाल तर तिची टाकी छोटी ठेवा. वीस लिटरचा पाण्याचा जार उत्तम. फ्लोट अडकून सगळा जार रिकामा झाला तरी नुकसान वीस लिटरचंच. तीच नळी थेट घरच्या लायनीला जोडली आणि फ्लोट अडकला, तर गच्चीवरची टाकी तुमच्या हॉलमध्ये रिकामी होईल.

जागा आणि वजन

पाणी, काच, खडक, स्टँड मिळून हा टँक ४०० किलोच्या आसपास जातो, आणि तो उभा असतो अर्ध्या चौरस मीटरवर. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरून करतात. सगळ्या खोलीत वजन पसरतं म्हणून चार फुटी टँक सहसा निभावतो, पण तो भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नाही. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर अजिबात नको. शंका असेल तर ओळखीच्या इंजिनिअरला चहाला बोलवा.

खडक म्हणून जांभा वापरायचा मोह होतो. पन्हाळा, गगनबावडा भागात तो भरपूर, आणि सच्छिद्र दिसतो. नको. त्यात लोह फार आणि तो झिजून गाळ करतो. काळा दगड बिनधोक पण जड, आणि त्याला छिद्रं नसल्यामुळे जिवाणूंना राहायला जागा कमी. सिरॅमिकचे सच्छिद्र खडक मिळतात, ते घ्या.

वीज, उन्हाळा आणि पूर

पंप बंद पडल्यावर पाणी सांडलं नाही, तरी गोष्ट संपत नाही. पाणी थांबलं की हवा मिसळणं थांबतं, आणि काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. उन्हाळ्यात लवकर, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

घरचा इन्व्हर्टर इथे कामाला येतो. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले ६० टक्केच हाती येतात असं धरा, १०८०. रिटर्न पंप आणि टँकमध्ये पाणी ढवळणारा वेव्हमेकर मिळून ४० वॉट, तर २७ तास. नुसता १० वॉटचा वेव्हमेकर ठेवला तर चार दिवस. इन्व्हर्टरवर टँकचा चिलर, हीटर आणि दिवे घ्यायचे नाहीत. अर्थात त्याच बॅटरीवर घरातले पंखे आणि टीव्हीही असतील तर हिशेब कोसळतो. टँकला वेगळी छोटी बॅटरी द्या, किंवा निदान दोन-तीनशे रुपयांत मिळणारा सेलवरचा एअर पंप ड्रॉवरमध्ये ठेवा.

चार दिवस हा आकडा उगाच नाही काढला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक भागांत वीज दिवसेंदिवस बंद होती आणि नळालाही पाणी नव्हतं. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर टँक लावूच नका, असं मी सरळ सांगेन. माणसं आणि जनावरं हलवायची वेळ येते तेव्हा २७० लिटरचा समुद्र कुणी हलवत नाही. वरच्या मजल्यावर असाल तर जूनमध्येच आरओचं साठ-सत्तर लिटर पाणी आणि एक मिठाचं पाकीट भरून ठेवा.

उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या वर जाऊ लागलं की आधी संपवर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात, पण गोडं पाणी जास्त घालावं लागतं. आषाढात हवा दमट, पंख्याचा उपयोग कमी, पण तेव्हा पाणी तापतही नाही. चिलर घेतला तर विजेचा आकडा बदलतो. ४० वॉटचे पंप दिवसाला एक युनिट, दिवे एक युनिट, चिलर दीड-दोन. महिन्याला शंभर युनिटच्या आसपास वाढ, आणि त्यात महावितरणचा स्लॅब बदलला तर बिल अंदाजापेक्षा जास्त फुगतं.

खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. टँकच्या बोर्डला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी आणि खरीखुरी अर्थिंग हवी. एक्स्टेंशन बोर्ड संपच्या शेजारी जमिनीवर ठेवायचा नाही, कपाटाच्या बाजूला उंच ठोकायचा. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली एक वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या वळशातून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

मासे कधी?

लगेच नाही. खारं पाणी, खडक, तळाला वाळू, पंप चालू, आणि टँक चार ते सहा आठवडे रिकामा. या काळात चिमूटभर खाद्य टाकत राहायचं. ते कुजून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की पहिला मासा. हेच सगळ्यात अवघड काम आहे, कारण घरचे रोज विचारतात, "मासे कधी आणणार?"

संपमध्ये प्रोटीन स्किमर बसवा. तो बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसाच्या रूपात वर काढतो. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही, हा खाऱ्या पाण्याचा फायदा. दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदला. मासे एकदम पाच नकोत. क्लाउनफिशची जोडी, तीन आठवड्यांनी एखादा गोबी, मग साफसफाई करणारी कोळंबी. चार फुटी टँकला पाच-सहा लहान मासे बस्स.

आपल्याकडं मोठा समुद्री टँक बघायचा तर पूर्वी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय होतं. १९५१ साली सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवर, समोर समुद्र. २०१५ मध्ये ते नव्यानं उघडलं आणि कोरोनाच्या काळात बंद झालं. कोल्हापूरला जवळ म्हणजे रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथलं मत्स्यालय. टँक लावायच्या आधी एक चक्कर मारा, आणि मासे बघून झाले की पाइप कसे जोडलेत तेही विचारा.

आणि टँक लागला की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. मोठ्या अक्षरात: खळखळाट झाला तर कोणता स्विच बंद करायचा, लाईट गेली तर एअर पंप कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, जारमध्ये कोणतं पाणी घालायचं, खाद्य किती चिमूट. तुम्ही पाहुण्याच्या लग्नाला सांगलीला असताना आईला तो वाचता आला पाहिजे. शेवटच्या ओळीत खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन नंबर लिहून ठेवा.